सोळाशे डब्यांचा तपास

वेंडेल क्रुपनिक स्वतःची ओळख करून देताना खुर्चीतून उठतो. बसल्या बसल्या सांगून संपेल एवढी ती लहान नाही.

“उत्तर अमेरिकेतला एकमेव उपभोग-अन्वेषक,” तो म्हणतो आणि जरा थांबतो, समोरच्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून. “माणूस काय घेतो, काय टाकतो आणि मधल्या वेळात स्वतःला काय थापा मारतो, हे मी त्याच्या कचऱ्याच्या बादलीवरून सांगतो. माझ्यासमोर आजवर एकही बादली गप्प बसलेली नाही.”

मी, मर्ना टोलेफसन, टॅमरॅक विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात सव्वीस वर्षं क्लार्क आहे. या सव्वीस वर्षांत इतक्या विद्वानांची बडबड ऐकली, की आता बादल्याही बोलायला लागल्या याचं मला नवल वाटलं नाही.

विद्यापीठाच्या दप्तरी वेंडेल म्हणजे पीएच.डी.चा नवव्या वर्षातला विद्यार्थी, वय एक्केचाळीस. प्रबंधाचा विषय, ‘विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या शाश्वत उपभोगावर प्रभाव टाकणारे घटक’. साध्या भाषेत सांगायचं तर पोरं कमी कचरा कशाने करतील, एवढंच. नऊ वर्षांत त्याने असे सदतीस घटक शोधले आणि ते शोधताना एवढा कागद संपवला की विभागाचं कपाट त्याच्यापासून कुलूप लावून ठेवावं लागतं. गळ्यात मासे तोलायचा काटा, लोकांचा कचरा तोलायला. अंगात जुन्या चादरींचा कोट. व्हिजिटिंग कार्ड बिया घातलेल्या कागदाचं, मातीत पुरलं की रोप येतं. गेल्या वर्षी कोट भिजला आणि खिशातच मोहरी उगवली. त्याने ती सॅलडमध्ये खाल्ली आणि त्यावर सात पानी टिपण लिहिलं. टाइप मी केलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मेसचे संचालक रसेल ऑफ्टेडाल बूट आपटत ऑफिसात आले.

“मर्ना, तुमचा तो कचरावाला आहे का आत?”

“आहे. पण दार वाजवून जा. तो विचार करत असेल तर दचकतो.”

“डबे नाहीसे झालेत.”

डब्यांची हकीकत अशी. सप्टेंबरात मेसने फेकायचे डबे बंद करून हिरवे, टिकाऊ डबे आणले. अठराशे. जेवण डब्यात भरून खोलीवर न्यायचं, खाऊन झालं की डबा परतीच्या खिडकीत द्यायचा, तो धुऊन पुन्हा वापरात. नोंद नाही, अनामत नाही, सगळं विश्वासावर. आमच्याकडे मिनेसोटात कोणी कोणाला ‘अमुक वस्तू कुठे गेली’ असं तोंडावर विचारत नाही. शेजाऱ्याने तुमची शिडी नेली तर तुम्ही चार वर्षांनी त्याच्यासमोर ‘छपरावर बर्फ फार साचलाय यंदा’ एवढंच म्हणायचं. त्याला कळलं तर कळलं.

“अठराशेपैकी एकशे ऐंशी उरलेत,” रसेल म्हणाले. “शुक्रवारी समितीची बैठक आहे. तोवर निदान हजार सापडले नाहीत तर योजना बंद. सोमवारपासून पुन्हा कागदी डबे.”

वेंडेल उठून उभा राहिला. “सोळाशे वीस डबे,” तो हळूच म्हणाला. असं सुख त्याच्या तोंडावर मी फक्त खिशात मोहरी उगवली त्या दिवशी पाहिलं होतं.

डीनने तपास लगेच मंजूर केला. त्यामुळे वेंडेल आठवडाभर डीनच्या केबिनमध्ये येणार नव्हता. मदतनीस म्हणून मला जोडून दिलं.

एरवी मी पाठदुखीचं निमित्त काढलं असतं. पण डबे म्हटल्यावर मला अर्डिस आठवली. अर्डिस लुंडीन मेसच्या भांडीघरात दिवसाच्या शिफ्टला असते. वीस वर्षं आम्ही चर्चच्या गायकवृंदात शेजारी उभ्या राहून एकच सूर चुकवतो. तिच्या गाडीचा हीटर बिघडल्यापासून कामावर माझ्याबरोबरच येते. तिच्या नवऱ्याला, व्हर्लिनला, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं आणि त्याचा आरोग्यविमा अर्डिसच्या नोकरीवर आहे. कागदी डबे आले की धुवायला काही उरत नाही. तिची शिफ्ट बंद, अर्डिस घरी आणि विमाही घरी. हे ती मला गाडीत एकदाच म्हणाली, तेही खिडकीबाहेर बघत. “बघू काय होतं ते,” असं वर. आमच्याकडे याला आक्रोश म्हणतात.

म्हणून मी वही घेतली आणि वेंडेलच्या मागे निघाले.

पहिली साक्ष अर्डिसची. ती परतीच्या खिडकीमागे हात पुसत उभी होती.

“सप्टेंबरमध्ये सगळे यायचे,” ती म्हणाली. “ऑक्टोबरच्या मध्यापासून कमी व्हायला लागले. आणि एक गंमत आहे. आता जे थोडेफार येतात ना, ते घासूनपुसून येतात. लख्ख. एकच पोरगा आहे, तो खरकटा आणतो.”

वेंडेलने माझ्या वहीत डोकावून सांगितलं, “लिहा. साक्षीदार प्रामाणिक, पण तपशिलात वाहवत जाते.”

मी अर्डिसचं सगळं बोलणं लिहून घेतलं. त्याचं वाक्यही लिहिलं, बारीक अक्षरात.

मंगळवारी पहिला सिद्धांत जन्मला. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला लोक भोकं पाडून बसतात. वेंडेलला ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून तिथे काहीतरी हिरवं दिसलं.

“आमिष,” तो म्हणाला. “अळ्या गार राहायला झाकणाचा डबा लागतो. एका माणसाला दिवसाला चार. शंभर कोळी. चार दिवसांत सोळाशे. गणित बसलं.”

“डबे ऑक्टोबरपासून जातायत. तळं डिसेंबरात गोठलं.”

“साठेबाजी, मर्ना.”

तळ्यावर पारा उणे सत्तावीस होता. हिरवी वस्तू निघाली भूगर्भशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांची टोपी, खाली प्राध्यापकांसकट. वेंडेलने त्यांना तीन प्रश्न विचारले. चौथ्या प्रश्नाच्या वेळी तो नीट ऐकू यावं म्हणून एक पाऊल पुढे सरकला आणि गुडघ्यापर्यंत भोकात गेला. प्राध्यापकांनी त्याला ओढून काढलं, थर्मासातली कॉफी पाजली आणि म्हणाले, “आज मासे जरा कमीच आहेत.”

बुधवारी तो पायाला गरम पाण्याची पिशवी बांधून आला. बरोबर दुसरा सिद्धांत होता, पहिल्यापेक्षा वजनाने जड, कारण तो चौऱ्याण्णव प्रश्नांच्या प्रश्नावलीवर उभा होता. वसतिगृहातल्या चारशे बारा मुलांनी ती भरून दिली होती. ‘मला पृथ्वीच्या भवितव्याची काळजी वाटते’ या वाक्यापुढे चारशे एक जणांनी ‘पूर्णपणे सहमत’वर खूण केली होती.

“म्हणजे चारशे एक जण सुटले,” वेंडेल म्हणाला. “ज्यांना पृथ्वीची काळजी आहे ते डबा चोरतीलच कसे? राहिले अकरा. सोळाशे वीस भागिले अकरा. प्रत्येकी एकशे सत्तेचाळीस. आणि वर तीन डबे.”

“त्या तीन डब्यांचं काय?”

“ते टोळीच्या म्होरक्याकडे.”

म्होरक्याही त्याने प्रश्नावलीतूनच शोधला. वनशास्त्राचा डर्क व्हॅन्डरस्लूट. या गड्याने चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव प्रश्नांना ‘असहमत’ असं उत्तर दिलं होतं. त्यातला एक प्रश्न ‘माझं वय अठरापेक्षा जास्त आहे’ हा होता.

गुरुवारी दुपारी आम्ही मेसच्या खांबामागे पाळत ठेवली. वेंडेलने वेषांतर म्हणून चादरींचा कोट उलटा घातला होता. मी माझा लालभडक, टोपीवाला जाड कोट घालून त्याच्यामागे उभी होते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण “हाय मर्ना” म्हणत होता. सव्वा वाजता डर्क आला. हातात हिरवा डबा, डब्यातून केचप ओघळतंय, मनगटापर्यंत. तो परतीच्या खिडकीशी पोचला आणि वेंडेलने झडप घातली.

“रंगेहाथ,” तो म्हणाला. त्या एका बाबतीत वाद नव्हता.

“काय झालं?” डर्क म्हणाला.

“या डब्याचं काय चाललंय?”

“खाऊन झालं. परत देतोय.”

“का?”

“परत द्यायचा असतो ना?”

“तुला पर्यावरणाबद्दल आस्था आहे?”

“नाही.”

“पृथ्वीच्या भवितव्याची काळजी?”

“सोमवारी पेपर आहे, त्याची आहे.”

“आणि या बाईंची तरी?” वेंडेलने खिडकीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं. त्याच्या स्वतःच्या पोस्टरकडे. त्यावर अर्डिसचा मोठा फोटो होता, हात साबणाने भरलेले, चेहऱ्यावर फोटो काढून घेणं नको असतानाचं हसू. खाली ठळक अक्षरं, ‘अर्डिस तुमचा डबा आपल्या हातांनी धुते. तिचा विचार करा.’ हा वेंडेलचा घटक क्रमांक तेवीस, मानवी चेहरा. खरं तर अर्डिसकडे भांडी धुण्याचं यंत्र आहे, बैलगाडीएवढं. पण यंत्राच्या फोटोने अंतःकरण हलत नाही, असं वेंडेलचं म्हणणं होतं.

डर्कने पोस्टरकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असावा तसं. मग खिडकीतल्या अर्डिसकडे पाहिलं. “अरे, या तुम्ही होय?” तो म्हणाला आणि डबा देऊन निघून गेला.

“हाच तो,” अर्डिस म्हणाली. “एकटा खरकटा आणणारा. रोज आणतो, न चुकता.”

ज्याला कसलीच पर्वा नाही तोच एक नेमाने डबा परत करतो, हे ऐकून शहाण्या माणसाने खाली बसून डोकं धरलं असतं. वेंडेलचे डोळे चमकले.

“फार पोचलेला गुन्हेगार आहे,” तो म्हणाला. “एक डबा देऊन एकशे शेहेचाळीस लपवतो.”

परत येताना अर्डिसकडे वळून पाहिलं. ती डर्कच्या डब्यातलं केचप खरवडत होती आणि मागे रिकामे रॅक रांगेने उभे होते. मला वेंडेलचा राग आला. चौऱ्याण्णव प्रश्नांत एकही प्रश्न ‘तुझा डबा कुठे आहे’ असा नव्हता. आणि मग स्वतःचाही आला, कारण तो प्रश्न मीही कोणाला विचारला नव्हता. मुलं रोज माझ्यासमोरून जात होती. पण असं कसं विचारायचं कुणाला.

संध्याकाळी चार वाजता वेंडेलने सगळ्यांना वसतिगृहाच्या हॉलमध्ये बोलावलं. दीडशेएक मुलं, वॉर्डन, रसेल. फुकट कुकीज असल्यामुळे गर्दी चांगली होती. अर्डिस तिच्या सुट्टीच्या पंधरा मिनिटांत ओल्या एप्रनवर कोट चढवून आली आणि पहिल्या रांगेत टोकाला बसली. उद्याच्या बैठकीत तिचं काय होणार हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघींनाच माहीत होतं.

वेंडेलने फळ्यावर आलेख काढला. रेषा सप्टेंबरात सरळ होती आणि ऑक्टोबरच्या मध्याला दरडीसारखी खाली आली होती.

“इथे काय घडलं?” त्याने खडूने ठोकून विचारलं. “सहामाही परीक्षा. म्हणजे ताण. ताणातून संग्रहवृत्ती. संग्रहवृत्तीतून टोळी.” मग तो सभेकडे वळला आणि आवाज खाली आणला. “गुन्हेगार या क्षणी या हॉलमध्ये बसला आहे.”

नऊ वर्षांतलं त्याचं हे पहिलं अचूक विधान होतं, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. तो पुन्हा फळ्याकडे वळून टोळीची रचना काढू लागला.

अर्डिसने घड्याळात पाहिलं. तिची सहा मिनिटं उरली होती. ती शेजारी बसलेल्या मुलीकडे झुकली. मारेन हॅगबर्ग, पहिल्या वर्षाची, पर्यावरण मंडळाची चिटणीस.

“बाळा, तुझा डबा कुठे गं?”

मारेनच्या हातातली कुकी तिथेच थांबली. तिचे कान लाल झाले.

“पलंगाखाली,” ती म्हणाली.

“एकच?”

“चौदा.”

“अगं, मग देत का नाहीस?”

“धुतलेले नाहीत.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “बेसिनवर पाटी आहे, इथे खरकटं धुवू नये, पाइप तुंबतो. मग धुवायचे कुठे? आणि खिडकीवर तुमचा फोटो आहे. रोज दिसतो. तुम्ही स्वतःच्या हातांनी धुता असं लिहिलंय. तुम्हाला वाळलेल्या चीजचा डबा कसा देऊ? आधी वाटलं, घरी नेऊन धुऊन आणीन. मग चार झाले, मग नऊ. नऊ खरकटे डबे घेऊन कुठल्या तोंडाने यायचं?”

फळ्यावर खडू चालू होता.

“माझे अकरा आहेत,” मागून कोणीतरी म्हणालं.

“माझे सात. खिडकीबाहेर बर्फात ठेवलेत, वास येऊ नये म्हणून.”

“आम्ही रूममध्ये तिघी आहोत. कपाट उघडता येत नाही.”

एक उंच मुलगा उठून उभा राहिला. “माझे वीस धुतलेले आहेत, मामीकडे नेऊन धुतले. पण आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. आई ईस्टरला लिंबाच्या वड्या करून पाठवणार आहे. वीस डबे भरायचे म्हणजे तिला जरा वेळ लागतोय.”

कोणी हसलं नाही. हॉलमधल्या निम्म्या मुलांनी मान डोलावली. मीही डोलावली. रिकामं भांडं परत देणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

रसेल वॉर्डनकडे बघत होते. वॉर्डन छताकडे बघत होत्या. बेसिनवरची पाटी त्यांची होती. पोस्टर वेंडेलचं होतं, आणि ते ऑक्टोबरच्या मध्याला लॅमिनेट करून मीच चिकटवलं होतं, चारही कोपऱ्यांना दुहेरी टेप लावून.

अर्डिस उठली. एवढ्या लोकांसमोर ती गायकवृंद सोडून कधी उभी राहिलेली नाही. एप्रनच्या दोरीशी चाळा करत ती म्हणाली, “तुम्ही गुणी आहात सगळी. पण मला पगार खरकटं धुवायचा मिळतो. तुम्ही धुऊन आणलंत, नाहीतर आणलंतच नाहीत, तर मी काय धुऊ? सोमवारपासून माझी शिफ्ट बंद होतेय.” मग तिला एवढं बोलल्याची लाज वाटली असावी, कारण तिने लगेच जोडलं, “तशी काही घाई नाही.”

तिची पंधरा मिनिटं संपली होती. ती दारातून बाहेर पडली, आणि तिच्यामागोमाग अख्खा हॉल उठला. कुकीजही तशाच राहिल्या. पुढचा पाऊण तास जिने, व्हरांडे आणि लिफ्टमधून हिरवे डबे वाहत होते. कपडे धुवायला न्यायच्या गाड्यांतून, पाठपिशव्यांतून, एक तर हॉकीच्या किटमधून. बर्फावरून खिडकीपर्यंत रांग लागली. अवघं शंभर पावलांचं अंतर. चार महिने ती मुलं तेवढं चालू शकली नव्हती.

वेंडेलने टोळीची रचना पूर्ण केली आणि मागे वळला. हॉलमध्ये मी एकटी होते.

“पळाले,” तो म्हणाला. “सगळेच सामील होते.”

“हो,” मी म्हणाले, कारण ते खरंच होतं.

शुक्रवारच्या बैठकीत रसेलनी एक हजार सहाशे चार डबे परत आल्याचं सांगितलं. वीस त्या मुलाने वड्यांसाठी ठेवून घेतले होते, आणि आकडा चारने जास्तच भरत होता, पण तो प्रश्न काढायला कोणी तयार नव्हतं. योजना चालू राहिली. वसतिगृहाच्या दाराशी एक मोठी टोपली आली, तिच्यावर अर्डिसच्या अक्षरात ‘खरकटे चालतील’ असा कागद. पोस्टर तिने स्वतः सोलून काढलं, आणि माझ्या दुहेरी टेपबद्दल गाडीत दोन शब्द ऐकवले.

वेंडेलला ‘सूक्ष्म अन्वेषणाबद्दल’ प्रशस्तिपत्र मिळालं, चौकटीसकट. त्याने उभं राहून आभार मानले, बसला, आणि राहिलेलं बोलायला पुन्हा उठला. अर्डिसला बोलावणं नव्हतं. सोळाशे डबे धुवायचे म्हणून तिने शनिवारचीही शिफ्ट घेतली होती. मी चिडले. ती म्हणाली, “मला शिफ्ट हवी होती, चौकट काय करायची?” व्हर्लिनचं डायलिसिस सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी जसं चालू होतं तसं चालू राहिलं.

मे महिन्यात प्रबंध पूर्ण झाला. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे समास, पानांचे क्रमांक आणि तळटीपा बसवायचं काम माझं. पान एकशे बारावर लिहिलं होतं, ‘सखोल क्षेत्रनिरीक्षणातून संशोधक या निष्कर्षाप्रत आला, की अपराधभाव व अंतर हे शाश्वत उपभोगातील निर्णायक घटक होत.’ मी ते दोनदा वाचलं. दार लावून घेतलं. वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं, ‘हा शोध भांडीघरातील श्रीमती अर्डिस लुंडीन यांनी एका विद्यार्थिनीला तिचा डबा कुठे आहे असे विचारून लावला. संशोधक तेव्हा फळ्याकडे तोंड करून उभा होता.’

वेंडेलने पानं न वाचता सही केली. पाच प्राध्यापकांच्या समितीनेही सही केली आणि त्याला डॉक्टर केलं. प्रबंध गडद निळ्या कापडात बांधून ग्रंथालयाच्या कपाटात गेला.

मी त्या पानाची प्रत अर्डिसला भांडीघरात नेऊन दाखवली. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचलं. मग मान वर न करता आणखी एकदा वाचलं. गळ्यापर्यंत लाल झाली.

“हे एवढं कशाला लिहिलंस, मर्ना? कोणी वाचलं म्हणजे?”

“पाच प्राध्यापकांच्या सह्या आहेत त्याच्यावर.”

“असं होय,” ती म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. “मग नाही कोणी वाचत.”

तिने कागदाची घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, भिजू नये म्हणून, आणि एप्रनच्या आतल्या खिशात ठेवली. मग खिडकीशी कोणीतरी डबा आपटला, म्हणून ती तिकडे गेली.